आधी बियांचा स्वभाव ओळखा: सह्याद्रीतल्या देशी झाडांची रोपं तयार करताना

देशी झाडांचं बी उगवत नाही, अशी तक्रार दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकू येते. बहुतेक वेळा दोष बियांचा नसतो. बहावा, जांभूळ, हिरडा, साग सगळ्यांना एकच उपाय केलेला असतो, रात्रभर पाणी आणि सकाळी पिशवीत, आणि घोळ तिथेच होतो. या झाडांच्या बिया दोन तऱ्हेच्या आहेत. काही घाईच्या असतात, पडल्या की रुजायलाच निघतात, नाहीतर मरतात. काही थांबणाऱ्या असतात, त्या आतून जिवंत राहून महिनोन्महिने वाट बघतात. पहिल्यांना उशीर चालत नाही आणि दुसऱ्यांना नुसतं पाणी पुरत नाही.

घाईच्या बिया

जांभूळ, फणस, कोकम, मोह, कडुनिंब ही झाडं उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या सुरुवातीला पिकतात. जमीन ओली असते तेव्हाच त्यांचं बी पडतं, त्यामुळे त्याला सुकून टिकायची सवय नाही. जांभळाचं आणि फणसाचं बी उन्हात खडखडीत वाळवलं की संपलं. फ्रीजमध्ये ठेवूनही उपयोग नाही, गारठ्यानेही ते मरतं. मोहाचं बी काही आठवड्यांतच उतरणीला लागतं. कडुनिंबाचं साध्या खोलीत दोन-तीन आठवड्यांनंतर झपाट्याने कमी उगवतं, म्हणून झाडाखालच्या जुन्या निंबोळ्या न वेचता पिवळी पडलेली फळं झाडावरून घ्यावीत.

गर त्याच दिवशी काढा. गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, शिवाय त्यावर बुरशी आणि मुंग्या येतात. जांभळं टोपलीत जाड वाळू टाकून चोळायची, दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि बिया सावलीत फक्त वरचं पाणी सुकेपर्यंत पसरायच्या. लगेच दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरायच्या. दहा दिवसांपासून महिन्याभरात कोंब दिसतात. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंबही येतात. दोन पानांवर असताना ते अलगद वेगळे करून स्वतंत्र लावता येतात, पण त्यातलं अगदी किरकोळ रोप ठेवू नये, ते मागेच राहतं. फणसाच्या आठळीवरचं बुळबुळीत आवरण काढून ती आडवी ठेवा.

पेरायला चार-सहा दिवस लागणारच असतील तर बी ओलसर वाळूत किंवा लाकडाच्या भुश्यात, गोणपाटात, सावलीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नको. हे बी जोरात श्वास घेत असतं, पिशवीत तापतं आणि आंबतं.

थांबणाऱ्या बिया

यातही दोन कारणं वेगळी आहेत. बहावा आणि खैराच्या बियांचं कवच पाणीच आत जाऊ देत नाही. साग आणि हिरड्याचं बी लाकडासारख्या टणक आठळीत कोंडलेलं असतं.

बहाव्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे कवचाला खाच पाडणं. शेंगेत बी ज्या टोकाने चिकटलेलं असतं ते टोक सोडून, विरुद्ध बाजूला नेलकटरने बारीक टवका काढा किंवा खरखरीत फरशीवर, पॉलिश पेपरवर घासा. आतला फिकट रंग दिसला की थांबा. जास्त खोल गेलात तर दळ (कवचाच्या आतला गाभा) दुखावतं आणि तिथूनच बी कुजतं. मग साध्या पाण्यात २४ तास. ज्या बिया फुगल्या त्या पेरायच्या, ज्या जशाच्या तशा राहिल्या त्यांना पुन्हा खाच. फुगली की नाही, हीच खरी परीक्षा.

खैरासारख्या लहान बियांना एकेक खाच पाडणं शक्य नसतं. तिथे बियांच्या पाच ते दहा पट पाणी उकळा, भांडं खाली उतरवा, मगच बिया टाका आणि पाणी आपोआप निवू देत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. चुलीवर बिया उकळल्या तर त्या शिजतात. सल्फ्युरिक ॲसिडचा उपाय प्रयोगशाळेसाठी ठीक आहे, घरच्या किंवा गावच्या रोपवाटिकेत त्या वाटेला जाऊ नये. डोळे आणि हात गमावण्याइतका धोका त्यात आहे.

सागाला धीर लागतो. ताज्या बियांपेक्षा वर्षभर ठेवलेलं बी सहसा बरं उगवतं. फळं गोणपाटात बांधून १२ तास पाण्यात, १२ तास कडक उन्हात, असं सलग एक ते दोन आठवडे करा. ओलं-कोरडं होत राहिल्याने आठळी सैलावते. वाफा पूर्ण उन्हात हवा, सावलीतला साग हट्टाने उगवत नाही. उगवणही एकदम होत नाही, आठवडे लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांनी वाफा मोडायची घाई करू नका.

हिरड्याचा वरचा गर काढून आठळीचं रुंद टोक जरासं छाटा, आतल्या बीला धक्का न लावता, आणि ३६ तास गार पाण्यात भिजवा. हे काम किचकट आहे. पण न छाटलेला हिरडा आणि छाटलेला हिरडा शेजारी पेरून बघितलात तर पुन्हा कधी कंटाळा करणार नाही.

वड, पिंपळ आणि उंबराची गोष्ट निराळीच. बी मोहरीहून बारीक, त्याला उजेड हवा. पिकलेली फळं पाण्यात कुस्करून ठेवा, तळाशी बसलेलं बी घ्या, विटांचा बारीक चुरा आणि चाळलेलं कंपोस्ट यांच्या थरावर पसरा आणि वर माती अजिबात टाकू नका. पाणी खालून, कुंडी परातीत ठेवून द्या. वर काच झाका.

पेरण्याआधी कापून बघा

पाण्यावर तरंगलेलं बी पोचट, हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. हवा अडकलेली चांगली फळंही तरंगतात. वीस बिया चाकूने कापा. आत पांढरा, भरीव गर असेल ते बी चांगलं. ऐन आणि किंजळच्या पंखवाल्या फळांत पुष्कळ पोकळ निघतात. वीसपैकी पाचच भरलेली असतील, तर शंभर रोपांसाठी निदान पाचशे फळं पेरायची तयारी ठेवा. बी शक्यतो आठ-दहा झाडांवरून गोळा करा, एकमेकांपासून १०० मीटर तरी लांबच्या. एकाच झाडाची शंभर रोपं म्हणजे शंभर भावंडं. बिब्ब्याची फळं हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात.

वाफा आणि पिशवी

उगवणीसाठी धुतलेली वाळू आणि चाळलेली माती निम्मी-निम्मी पुरे. खत नको, बीजवळ स्वतःची शिदोरी असते आणि कच्चं शेणखत बुरशीला बोलावतं. पेरणीची खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. थंडीत गोळा केलेलं बहावा-हिरड्याचं बी फेब्रुवारीअखेर, रात्री उबदार झाल्यावर पेरा. डिसेंबरात पेरलेलं नुसतं पडून राहतं आणि उंदीर खातात.

कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली, तर कारण बहुधा जास्त पाणी आणि दाट पेरणी. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी वाफा ओला ठेवू नका. रोग दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून मुळाशी ओता. पुढच्या वर्षासाठी एप्रिल-मेमध्ये माती भिजवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, उन्हाने बुरशी मरते.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. काळी चिकण माती असेल तर वाळू मातीइतकीच घ्या. त्यात त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती मिसळा, उपयोगी बुरशी आणि जिवाणू त्यातून येतात. खैर, करंज, पळसाच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात, त्यांना युरिया घातला तर गाठी कमी होतात आणि रोप नुसतं उंच, लेचंपेचं होतं.

वाफ्यातून उचलताना रोप पानाला धरा, खोडाला नाही. सोटमूळ सरळ खाली गेलं पाहिजे. वाकून वर वळलेलं मूळ पुढे सरळ होत नाही. पळस, मोह, बहावा, हिरडा यांचं मूळ फार लवकर खोल जातं, म्हणून हे थेट पिशवीत पेरलेलं बरं. तीन-चार महिन्यांसाठी ५×८ इंची पिशवी चालते. वर्षभर सांभाळायचं असेल तर ८×१० किंवा मोठी. पहिले दोन आठवडे ५० टक्के शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी), नंतर हळूहळू ऊन.

दर महिना-दीड महिन्याने पिशव्या हलवा, नाहीतर मुळं जमिनीत घुसतात आणि उचलताना तुटतात. लावणीच्या महिनाभर आधी पाणी थोडं कमी करा आणि नेट पूर्ण काढा. लावताना पिशवी ब्लेडने फाडा, तळाशी मुळांची गुंडाळी झाली असेल तर तो इंचभर भाग कापून टाका आणि मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवा.