दोन एक्सेल फाइली जुळवताना एकच फ्लॅट नंबर दोनदा आला तर

सोसायटीच्या खजिनदाराकडे दोन फाइली असतात. एक सभासदांची यादी, दुसरी बँकेचं स्टेटमेंट, ज्यात तपशिलातून फ्लॅट नंबर काढून वेगळा कॉलम केलेला असतो. व्हीलुकअप (एका फाइलीतला नंबर दुसरीत शोधून त्यासमोरची रक्कम आणणारं सूत्र) लावला की काम झालं असं वाटतं. पण व्हीलुकअप वरून खाली शोधत जातो आणि पहिली नोंद सापडली की थांबतो. १०१ वाल्यांनी ३,००० रुपये मेंटेनन्स आधी २,००० आणि मग १,००० असा भरला असेल, तर फक्त २,००० दिसतात. एरर येत नाही. पैसे भरूनही त्यांच्या नावावर थकबाकी लागते.

आधी दोन्ही फाइलींची कॉपी काढा आणि फ्लॅट नंबर एकसारखे करा. ‘ए-१०१’ आणि ‘ए १०१’ एक्सेलला वेगळे वाटतात. शेवटी राहिलेली स्पेसही जुळणी मोडते, ती ट्रिम या सूत्राने जाते.

मग दोन्ही फाइलींत शेजारी एक कॉलम घेऊन काउंटइफने प्रत्येक नंबर किती वेळा आलाय ते मोजा. एकाहून जास्त आलेल्या ओळी फिल्टर करा. (खाते क्रमांकावर जुळवत असाल तर सावध राहा: काउंटइफ पहिले १५ अंकच धरतो, त्यामुळे १६ अंकी वेगळे क्रमांकही एकच ठरू शकतात. क्रमांकाआधी एखादं अक्षर जोडा.)

आता ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’चं बटण दाबायचं नाही. फक्त फ्लॅटचा कॉलम निवडून ते दाबलंत, तर पहिली ओळ राहते आणि दुसरा हप्ता कायमचा जातो. नंबर दोनदा का आला, ते आधी बघा. तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक तिन्ही सारखे असतील, तर स्टेटमेंट दोनदा डाउनलोड होऊन तीच नोंद परत आली आहे, एक काढा. संदर्भ क्रमांक वेगळा असेल तर ते खरोखरचे दोन हप्ते आहेत, दोन्ही ठेवा. आणि ए विंगचा १०१ नि बी विंगचा १०१ एकत्र झाले असतील, तर नंबरच अपुरा आहे. विंग आणि फ्लॅट जोडून नवा कॉलम करा.

हप्ते असतील तिथे व्हीलुकअपऐवजी समइफ वापरा, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची सगळी जमा एकत्र येते. एक्सलुकअपनेही (व्हीलुकअपचा नवा पर्याय) हे सुटत नाही, तोही एकच नोंद देतो. पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं तक्ते जोडायचं साधन, या जोडणीला तिथे मर्ज म्हणतात) उलटी अडचण येते: यादीत दोन सहमालकांच्या दोन ओळी आणि स्टेटमेंटमध्ये तीन हप्ते असतील, तर मर्ज उलगडल्यावर सहा ओळी होतात आणि जमा दुप्पट दिसते. म्हणून यादीत आधी फ्लॅटमागे एकच ओळ ठेवा, सहमालकाचं नाव वेगळ्या कॉलममध्ये न्या.

शेवटी जुळवलेल्या जमेची बेरीज स्टेटमेंटमधल्या मेंटेनन्सच्या बेरजेशी ताडून बघा. जुळवलेली बेरीज जास्त आली तर यादीत कुठेतरी फ्लॅट दोनदा राहिलाय. कमी आली तर स्टेटमेंटमधले फ्लॅट नंबर काउंटइफने यादीत शोधा. जिथे शून्य येईल, त्या नोंदी अजून कुणाच्याच नावावर लागलेल्या नाहीत.