व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट काढताना या चुका टाळा

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॅट. सूत्र सगळ्यांना पाठ असतं; चुकतं ते रीडिंग. व्होल्टेज एका जागचं आणि करंट दुसऱ्या जागचा घेतला, की उत्तर भलत्याच वस्तूचं येतं.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात बोर्डापासून ३० मीटरवर २००० वॅटचा हीटर आहे, वायर १.५ चौरस मिमी तांब्याची. बोर्डावर २३० व्होल्ट, टाँग टेस्टरवर (वायर जबड्यात पकडून करंट दाखवणारा मीटर) ८.५ अँपिअर. भागाकार २७ ओहम. पण हीटरच्या टर्मिनलवर मोजलं तर २२३.६ व्होल्टच मिळतात, म्हणजे एलिमेंट (तापणारी कॉइल) २६.३ ओहमचं. मधले पाऊण ओहम वायरचे (जाऊन-येऊन ६० मीटर), आणि त्यात ५४ वॅट नुसते तापण्यात जातात. ६० मीटरवर पसरलेली ही उष्णता जाणवत नाही. पण ढिल्या स्क्रूखाली अर्धा ओहम असला तर त्या एका बिंदूवर ३६ वॅट. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, मग प्लगची पिन काळी पडणारच! म्हणून व्होल्टेज नेहमी लोडच्या (वीज घेणाऱ्या वस्तूच्या) टोकांवर घ्या, लोड चालू असताना, इन्सुलेटेड प्रोबने.

टाँग टेस्टरमध्ये एकच वायर घ्यायची. फेज-न्यूट्रल दोन्ही पकडले तर रीडिंग शून्य येतं आणि वस्तू बंद आहे असं वाटतं. करंट फार कमी असेल तर वायरचे जबड्यातून पाच फेरे घ्या आणि आकड्याला ५ ने भागा.

मिलिअँपिअरचे अँपिअर करायला विसरणं ही शिकाऊ मुलांची नेहमीची चूक. १२ व्होल्टवर लाल एलईडी, तिचे २ व्होल्ट, करंट १५ मिलिअँपिअर. उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर: १० भागिले ०.०१५ म्हणजे ६६७ ओहम, बाजारात ६८० ओहमचा मिळतो. १० भागिले १५ केलं तर ०.६७ येतं, आणि एलईडी लगेच जाते.

मल्टिमीटरने ओहम मोजताना सप्लाय बंद हवा आणि त्या भागाचं एक टोक सोडवलेलं हवं. फिलामेंटच्या बल्बचे वॅट मात्र असे मोजलेल्या ओहमवरून काढू नका. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, थंड असताना ४० च्या आसपास.

गीझरवर २००० वॅट लिहिलंय ते २३० व्होल्टला. २०० व्होल्टला त्या प्रमाणात १७४० धरू नका; व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो, म्हणून जेमतेम १५१० वॅट मिळतात.

मोटरचा हिशेब वेगळा. वाइंडिंग ३ ओहम दाखवतं म्हणून २३० व्होल्टला ७७ अँपिअर घेणार, असं होत नाही. फिरती मोटर बॅक ईएमएफ, म्हणजे सप्लायला विरोध करणारं व्होल्टेज, तयार करते. तसंच नेरुळच्या सोसायटीतल्या पंपाचे २३० गुणिले ६ म्हणजे १३८० हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) ०.८ असेल तर ११०४ वॅट. तो माहीत नसेल तर पंपाच्या वीज मीटरवरचं बाकी सगळं बंद करून मीटरच्या लाल दिव्याचे १० ब्लिंक मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स छापलं असेल आणि १० ब्लिंक १० सेकंदांत झाले, तर पंप ११२५ वॅट घेतोय.