‘केबिन’चं मराठी करताना

‘केबिन’ला एकच मराठी शब्द शोधायला गेलात की फसलात. कोशातला पहिला अर्थ ‘झोपडी’. तोच उचलला की बोटीवरचा कप्तान थेट ‘आपल्या झोपडीत’ जाऊन झोपतो. आधी पाहा, ही बंदिस्त जागा आहे कुठे आणि आत कोण बसतं.

ऑफिस, दवाखाना, ट्रक, विमान: इथे ‘केबिन’च ठेवा. ‘डॉक्टरांच्या कक्षिकेत’ असं कुणी म्हणत नाही. मंत्रालयात मात्र मंत्र्यांचं ‘दालन’ असतं, तिथे केबिन शोभत नाही. रेल्वेत रुळांशेजारच्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर ओळीने लिव्हर असायचे; ते ओढून सिग्नल आणि सांधे बदलायचे. ती केबिन, आणि तिथला माणूस केबिनमन. याचं भाषांतर नकोच. बोटीवर प्रवाशाची ‘खोली’ चालते.

अमेरिकेतल्या जंगलातली केबिन असेल तर ‘ओंडक्यांचं घर’ म्हणा. ‘खोपटं’ म्हटलं की गवत-कुडाचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि जाड लाकडी भिंती हरवतात. ‘कोठडी’ तर अजिबात नको. हल्ली कोठडी म्हटलं की पोलीसच आठवतात.

‘केबिन फीव्हर’मध्ये ताप नाही. दिवसेंदिवस आत कोंडून पडल्यावर होणारी घुसमट आणि चिडचिड, असं सरळ लिहावं.

मूळ शोधायचं तर इंग्रजीवर थांबू नका. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंच ‘कबान’वरून आला, तो दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्सल ‘कबाना’वरून, आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिन ‘कपान्ना’, म्हणजे झोपडी. सातव्या शतकातला स्पेनमधला विद्वान बिशप, सेव्हिलचा इसिडोर, सांगतो की तिच्यात एकच माणूस मावतो म्हणून ‘कपान्ना’, कारण लॅटिनमध्ये ‘कपेरे’ म्हणजे सामावणं. व्युत्पत्ती झकास आहे, पण अशी ऐकताक्षणी पटणारी व्युत्पत्ती तपासल्याशिवाय छापू नये. आजचे अभ्यासक ही पक्की मानत नाहीत.

नात्यातही गफलत होते. ‘कॅबिनेट’ हे बहुधा याच घराण्यातलं: छोटी खासगी खोली, मग तिथे राजासोबत बसणारे सल्लागार, मग मंत्रिमंडळ. पण टॅक्सीची ‘कॅब’ या घरची नव्हे. ती ‘कॅब्रिओले’ या हलक्या घोडागाडीचं आखूड रूप, आणि त्या नावामागे आहे बकरीची उडी! गाडी उसळत चालायची ना.

शेवटी लेखन. मराठीत ‘केबिन’ रूढ आहे, ‘कॅबिन’ नाही. ‘कॅबिनेट’ला मात्र ‘कॅ’च. लिंग दोन्ही ऐकू येतं, ‘साहेबांची केबिन’ आणि ‘साहेबांचं केबिन’. एका मजकुरात एकच धरा, कारण चूक अनेकवचनात उघडी पडते: स्त्रीलिंगी धरलंत तर ‘केबिनी’, नपुंसकलिंगी धरलंत तर ‘केबिनं’.