कॉन्फिगर स्क्रिप्टमधला बदल लिहून ठेवायचा कसा
जळगावात माझ्या मशीनवर बिल्ड होतं आणि भुसावळच्या मित्राकडे अडकतं, असं झालं की आपण कॉन्फिगर स्क्रिप्टमधे (बिल्डच्या आधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) एक ओळ बदलतो, विषय संपला म्हणतो, आणि सहा महिन्यांनी ती का बदलली ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून भाऊ, आधी लिहा मग पुश करा.

लिहायचं काय? कुठली सिस्टीम, कुठलं शेल (बॅश, डॅश असे कमांड चालवणारे प्रोग्रॅम), कुठला कंपायलर, आणि आधी नेमकं काय दिसत होतं. नुसतं "पोर्टेबिलिटी फिक्स" लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच आहे. असं लिहा: "टेस्टमधे == होतं, बॅशमधे चालतं, पण उबुंटूचं एसएच म्हणजे डॅश, तिथं चालत नाही, म्हणून एकच = केलं."

कंपायलरचा मामला जास्त फसवा. जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) १४ आलं २०२४ मधे, त्यात फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं की वॉर्निंग नाही, थेट एरर. आता हाताने लिहिलेल्या जुन्या चाचणीत हेडर (फंक्शन डिक्लेअर करणारी फाइल) टाकायचं राहून गेलं असेल तर कॉन्फिगर थांबतच नाही, गुपचूप "नाही" छापून पुढं जातं, फंक्शन मशीनवर असूनही! खरं कारण कॉन्फिग डॉट लॉगमधे सापडतं, तिथली एररची ओळ जशीच्या तशी नोंदीत चिकटवा, मला तरी हीच सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

ऑटोकॉन्फची (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन) किमान आवृत्ती वाढवली तर तेही लिहा, कारण दोन आवृत्त्यांत मोठं अंतर असू शकतं: २.६९ हे २०१२ चं आणि २.७० थेट २०२० ला आलं.

वापरणाऱ्याला काय करावं लागेल ते न्यूज फाइलमधे (वापरणाऱ्यांना बदल सांगणारी फाइल) लिहा, आणि बदलाचं कारण कमिट मेसेजमधे. आणि जिथं चालवून पाहिलं नाही तिथं "तपासलं नाही" असं सरळ लिहा.