जीवशास्त्रात या चुका टाळा: पनेटच्या चौकोनापासून हृदयाच्या आकृतीपर्यंत

आई-वडिलांची जनुकं अपत्यात कशी जुळू शकतात हे दाखवणाऱ्या पनेटच्या चौकोनात चार घरं असतात, म्हणून जोडप्याला चार मुलं होणार आणि त्यांतलं एक आजारी निघणार, असा अर्थ दरवर्षी निम्मा वर्ग काढतो. गणित अचूक सुटतं, १:२:१ हे गुणोत्तर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, पूर्ण गुणही मिळतात. अर्थ मात्र साफ चुकलेला असतो.

गडचिरोली जिल्ह्यातून आलेला एक मुलगा माझ्याकडे बारावीला होता. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं उदाहरण त्याने फळ्यावर झरझर सोडवलं आणि सहज म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे आई-बाबा दोघंही वाहक आहेत. दादाला आजार झाला, म्हणजे आम्ही बाकीची तिघं सुटलो." त्याचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. चौकोनाने सुट्टी दिली, असं घरच्यांनीही धरून ठेवलं होतं!

प्रत्येक गर्भधारणेला डाव नव्याने मांडला जातो. आधीच्या अपत्याचं काय झालं, हे जनुकांना ठाऊक नसतं. आई-वडील दोघेही एएस (एक निरोगी ए आणि एक सदोष एस जनुक असलेले, म्हणजे वाहक) असतील तर दर वेळी एसएस (दोन्ही जनुकं सदोष, म्हणजे आजार) होण्याची शक्यता २५ टक्केच. अशा जोडप्याची चारही मुलं आजारापासून मुक्त असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, आणि दोन-तीन मुलांना आजार होणंही अशक्य नाही. शिवाय ज्या भावंडाला आजार नाही, ते वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २ असते. त्या मुलाला मी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी आणि मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घ्यायला लावलं. तो एएस निघाला. पुढे लग्नाच्या वेळी जोडीदाराचीही तपासणी का हवी, हे त्याला तेव्हा नीट उमगलं.

आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात वाटाण्याच्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया नोंदवल्या आहेत. गुणोत्तर २.९६:१. सात हजारांवर बिया मोजल्या, तेव्हा ते अपेक्षित ३:१ च्या इतकं जवळ आलं; चार मुलांत ते तसं दिसेलच असं नाही. मी मुलांना दोन नाणी देते, छाप म्हणजे ए आणि काटा म्हणजे एस. दोन्ही एकदम चाळीसदा उडवायची आणि नोंद ठेवायची. "वेळ जातो," अशी कुरकुर होते. जाऊ दे. 'पाच मिनिटांत आनुवंशिकता' छापाचे व्हिडिओ पाहून आलेल्यांनाच मला हा धडा पुन्हा शिकवावा लागतो.

प्रभावी गुण (जोडीतलं एकच जनुक असलं तरी दिसणारा) समाजात जास्त आढळतो, हाही गैरसमज. हाताला सहा बोटं असणं बहुधा प्रभावी जनुकामुळे घडतं, तरी अशी माणसं थोडीच दिसतात. ओ रक्तगट अप्रभावी, आणि भारतात तो भरपूर आहे.

मुलगा की मुलगी, हे वडिलांच्या शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. हे उत्तरपत्रिकेत लिहा आणि घरीही सांगा. मुली झाल्या म्हणून आजही सुनेलाच बोल लावला जातो.

आता हृदय. आकृतीत उजवं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आपल्या डाव्या हाताला येतं, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाचं हृदय आपण पाहत असतो. कागद छातीशी धरा, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे उजवं-डावं जागेवर बसतं. दुसरी खोड पाठांतराची: 'धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त, शिरेत कार्बन डायऑक्साइडयुक्त.' हा शॉर्टकट फुप्फुस धमनीपाशी आपटतो, कारण तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढंच धरा. मी पेन न उचलता मार्ग काढायला लावते: महाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय (खालचा कप्पा), फुप्फुस धमनी, फुप्फुसं, फुप्फुस शिरा, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी. मार्ग हातात बसला की डाव्या निलयाची भिंत जाड का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. ते सगळ्या शरीरात रक्त ढकलतं, उजवं शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच.

शिरेतलं रक्त निळं नसतं. ते गडद लाल असतं. पुस्तकातला निळा रंग फक्त ओळखीसाठी.

आणि वनस्पती रात्रीच श्वसन करतात, असं लिहू नका. त्या चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो, म्हणून बाहेर पडणारा ऑक्सिजन तेवढा आपल्या नजरेत भरतो.