एका घराचे दोन दस्त: पुण्याच्या घरबाजाराचा अभ्यास शिकताना

माझ्या पहिल्या अहवालात रावेतच्या एका इमारतीत फ्लॅट होते 112 आणि विक्री झाली होती 131. मला ते दिसलंच नव्हतं. बार्शीहून येऊन पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नुकतीच लागले होते. तीन आठवडे बसून दस्तांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या, दर चौरस फुटाची सरासरी काढली, आलेख जोडले. सरांनी आलेखाकडे पाहिलंही नाही. बेरजेवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "इमारतीत घरं किती आहेत ते बघितलंस का?"

झालं होतं असं. राहता फ्लॅट विकताना बहुतेक वेळा आधी करारनामा नोंदवतात आणि पूर्ण मुद्रांक शुल्क त्यावरच भरतात. पुढे बँकेचं कर्ज येऊन व्यवहार पुरा झाला की खरेदीखत नोंदवतात. त्यावर शुल्क नाममात्र, तेव्हा शंभर रुपये. घर एक, दस्त दोन. मी दोन्ही विक्री म्हणून मोजले. शिवाय काही करार रद्द होऊन तीच घरं दुसऱ्या कुणी घेतली होती. ते रद्दलेख यादीत समोर होते, पण मी दस्ताचा प्रकार न वाचता फक्त रकमा उचलल्या होत्या.

या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते. आपण घरोघरी जाऊन विचारत नाही. दुसऱ्याने गोळा केलेली माहिती वापरतो. ती ज्याने गोळा केली त्याचं काम वेगळं होतं. नोंदणी खात्याला दस्त नोंदवायचा असतो, शुल्क घ्यायचं असतं. महारेराला, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या नियामकाला, ग्राहकाचं हित बघायचं असतं. सल्लागार कंपनीला तिच्या ग्राहकाला बाजाराचं चित्र द्यायचं असतं. बाजारभाव सांगण्यासाठी यातलं एकही कागदपत्र जन्माला आलेलं नाही. म्हणून आकडा हाती आला की आधी बघायचं, तो कुठल्या कामासाठी लिहिला गेला.

सुरुवात इंडेक्स टूपासून करा, म्हणजे सूची क्रमांक दोन, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की दस्तांची यादी येते, आणि प्रत्येक दस्ताची सूची उघडता येते. पहिले पंधरा दिवस फक्त ही सूची वाचण्यात घाला, एक्सेल उघडूच नका. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो: करारनामा, खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, चूकदुरुस्ती, रद्दलेख. दुसऱ्यात मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. तिसऱ्यात बाजारभाव, आणि इथे नवखी माणसं हमखास फसतात. हा बाजारभाव बाजारातला नसतो, रेडी रेकनरच्या दराने काढलेला सरकारी आकडा असतो. चौथ्या रकान्यातल्या वर्णनात मजला, इमारत, पार्किंग, कधी कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं) तर कधी बांधीव (भिंतींसकट) क्षेत्र असं सगळं एका दमात लिहिलेलं असतं. ते सावकाश सोडवावं लागतं. नऊमध्ये दस्त करून दिल्याची तारीख, दहामध्ये नोंदणीची, बारामध्ये भरलेलं मुद्रांक शुल्क. शुल्काचा रकाना मी आता सगळ्यात आधी बघते. अशा नाममात्र शुल्काची ओळ दिसली की आधीचा करारनामा शोधायचा आणि दोन्ही मिळून एकच व्यवहार धरायचा.

सातव्या आणि आठव्या रकान्यांत देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं असतात. माझं ठाम मत आहे की आपल्या फाइलमध्ये ती उतरवूच नयेत. कुणी कितीला घर घेतलं ही चर्चा चहाच्या टेबलावर येता कामा नये. आपल्याला दर हवा आहे, माणूस नको.

ई-सर्चमध्ये गावाचं नाव टाकावं लागतं, आणि पुण्यात गावाचं नाव हीच मोठी अडचण आहे. जाहिरातीत बाणेर म्हणतात, दस्तात मौजे म्हाळुंगे किंवा सूस असतं. जाहिरातीत हिंजवडी, दस्तात माण किंवा मारुंजी. दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयाचं नाव, सह दुय्यम निबंधक हवेली क्रमांक अमुक, यावरूनही जागा ठरवू नका. शहरातल्या एका भागाचा दस्त दुसऱ्या भागातल्या हवेली कार्यालयात नोंदवलेला सर्रास सापडतो. मी एक वही केली आहे. डाव्या बाजूला जाहिरातीतलं नाव, उजव्या बाजूला महसुली गाव आणि सर्व्हे नंबर. इतक्या वर्षांत जेवढी सॉफ्टवेअर शिकले, त्यापेक्षा या वहीचा उपयोग जास्त झाला.

हद्दींचंही तेच. 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. त्यात वाघोली होती, सूस-म्हाळुंगे होतं, नऱ्हे होतं. "पुणे महापालिका क्षेत्रातली विक्री वाढली" असं वाक्य दिसलं की कुठल्या हद्दीत, हे विचारा. वाघोलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतून उचलून आजच्या मागणीचा अंदाज बांधणारे अहवाल मी पाहिले आहेत. वाघोलीत एकदा संध्याकाळी सहा वाजता नगर रस्त्यावर उभं राहिलं की तो आकडा कुठल्या काळातला आहे ते समजतं.

रेडी रेकनर म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. शुल्क आकारण्यासाठी विभागवार दर चौरस मीटरला ठरवलेले हे दर. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी सरकारने ते वाढवले नाहीत. 1 एप्रिल 2025 पासून राज्यात सरासरी 3.89 टक्क्यांनी वाढवले. आता कुणी याच तक्त्यांवरून किमतींचा कल काढला तर दोन वर्षं बाजार जागचा हलला नाही असं उत्तर येईल. तो सरकारचा निर्णय होता, बाजाराचा नव्हे. एक गोष्ट मात्र या तक्त्यांतून नीट कळते. मोबदला आणि सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर शुल्क लागतं, आणि सरकारी मूल्याहून फार कमी किंमत दाखवली तर आयकराचाही प्रश्न येतो. त्यामुळे दस्तातली किंमत सरकारी मूल्याच्या फार खाली जाताना दिसत नाही. एखाद्या भागात मोबदला आणि सरकारी मूल्य ओळीने सारखेच दिसू लागले तर थांबा. खरी किंमत त्या आकड्यात असेलच असं नाही.

तारखांवर थोडं जास्त बोलते, कारण माझी दुसरी मोठी चूक तिथेच झाली. कोविडच्या काळात राज्याने मुद्रांक शुल्क कमी केलं होतं: सप्टेंबर ते डिसेंबर 2020 तीन टक्क्यांची सवलत, जानेवारी ते मार्च 2021 दोन टक्क्यांची. दस्त करून दिल्यापासून नोंदणीला कायद्याने चार महिने मिळतात. म्हणून 31 डिसेंबरच्या आत शुल्क भरून सह्या केलेले दस्त पुढचे कितीतरी आठवडे नोंदवले जात होते. मी नोंदणीची तारीख धरली आणि 2021 च्या सुरुवातीला मागणी उसळली असा निष्कर्ष लिहिला. नववा रकाना धरून पुन्हा मांडलं, तेव्हा त्यातली बरीच उसळी डिसेंबरात सरकली आणि सवलतीशी तिचा संबंध उघड झाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलमध्ये दोन्ही तारखा असतात, आणि ज्या महिन्यांत शुल्क बदललं त्यांना वेगळा रंग.

महारेराचं संकेतस्थळ नव्या प्रकल्पांसाठी. मे 2017 पासून 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला तिथे नोंदणी लागते. पुण्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक बहुतेक पी521 ने सुरू होतात. प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे, एकूण घरं, विकलेली घरं, पूर्णत्वाची तारीख मिळते, आणि बिल्डरला दर तिमाहीला माहिती अद्ययावत करावी लागते. यावरून एक साधा हिशोब निघतो. समजा 240 घरांपैकी 90 शिल्लक आहेत आणि मागच्या चार तिमाहींत मिळून 72 विकली गेली. म्हणजे महिन्याला 6, आणि साठा 15 महिन्यांचा. दराचा आलेख काढण्याआधी हा आकडा काढा. बाजारात घाई आहे की मंदी, हे तो लवकर सांगतो. मात्र एकाच संकुलातले टॉवर वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदवलेले असतात, तेव्हा तीन नोंदण्या म्हणजे तीन प्रकल्प असं समजू नका.

क्षेत्रफळाचा घोळ तर रोजचा आहे. 62 चौरस मीटर कार्पेट म्हणजे सुमारे 667 चौरस फूट. घर 72 लाखांचं असेल तर दर जवळपास 10,800 रुपये. तेच घर 35 टक्के लोडिंग (जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटा) धरून सेलेबलने, म्हणजे त्या वाढीव क्षेत्राने, सांगितलं तर दर 8,000 च्या खाली येतो. एका रकान्यात कार्पेट आणि दुसऱ्यात सेलेबल असताना सरासरी काढली, तर ती कुठल्याच घराची किंमत सांगत नाही. सगळं आधी कार्पेटवर आणा, आणि ज्या दस्तात क्षेत्र कुठलं ते स्पष्ट नाही तो बाजूला ठेवा. ओळी कमी झाल्या तरी चालतील.

खासगी अहवालही वाचा. नाइट फ्रँक, अ‍ॅनारॉक, आणि खास पुण्यासाठी गेरा. एकाच काळाचे दोन अहवाल शेजारी ठेवलेत तर आकडे जुळणार नाहीत, त्याने गोंधळू नका. एकाने जिल्ह्यातले नोंदवलेले दस्त मोजलेले असतात, दुसऱ्याने निवडक भागांतले नवे प्रकल्प. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात पद्धत दिलेली असते, ती आधी वाचा. राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स, म्हणजे घरांच्या किमतींचे निर्देशांक, 50 शहरांचा आहे, त्यात पुणे आहे. त्यातला एक निर्देशांक गृहकर्ज देताना झालेल्या मूल्यांकनावर बेतलेला असतो. आपल्या निष्कर्षाची दिशा ताडून बघायला तो उपयोगी पडतो, रावेतचा दर सांगायला नाही.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची जाड फाइल नेण्यापेक्षा स्वतः केलेलं एक छोटं काम न्या. तुम्ही राहता त्या भागातला एकच सर्व्हे नंबर घ्या, कर्वेनगर असो की काळेवाडी. दोन वर्षांच्या सूची वाचा, दुबार दस्त काढा, दर कार्पेटवर आणा, आणि दोन पानांत लिहा. तिसऱ्या पानावर कुठल्या ओळी वगळल्या आणि का, हे लिहा. आता आमच्या ऑफिसात नव्या मुलांची कामं मी तपासते, आणि पहिल्यांदा हे तिसरं पान उघडते. रावेतच्या त्या इमारतीचा माझा दुरुस्त केलेला तक्ता अजून ऑफिसच्या कपाटात आहे. 131 दस्तांच्या ओळींतून शेवटी 87 उरल्या होत्या.