परक्या शहरात पायी भटकताना
एका दिवशी एकच वस्ती घ्या. मेट्रोच्या एका स्टेशनवर उतरून चालत तिसऱ्या स्टेशनपर्यंत जा. पाय थकले तरी परतीची सोय जवळच. सपाट रस्त्यावर ताशी 4-5 किलोमीटर होतात, पण सिग्नल आणि रेंगाळणं जमेस धरून 3च धरा. नकाशा आधीच फोनमध्ये डाउनलोड करा. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून उपग्रहाचे सिग्नल उशिरा पोचतात, म्हणून निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तेव्हा कोपऱ्यावरची पाटी वाचा, ती उड्या मारत नाही. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा. नवे बूट पहिल्याच दिवशी नकोत. टाच चुरचुरली की लगेच पट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका.